नलीच्या नऊ देवी आणि माझं तोंड

१० सप्टेंबर, बुधवार

नलीची अट आज चहाबरोबर मिळाली. शनिवारी तिच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि मी बोलायचं नाही. प्रास्ताविक नाही, समारोप नाही, दोन शब्दसुद्धा नाहीत. निदान आभार? "तुझे आभार पाऊण तास चालतात, ताई."

म्हटलं, कारण सांग. वाद घालायला कारण लागतं. तिने कप विसळला, पालथा घातला, मग म्हणाली, "तू बोललीस की माणसं तुझी वाक्यं घेऊन घरी जातात. एकदा तरी त्यांनी माझी चित्रं बघावीत. बस."

यावर माझ्याकडे मुद्दे होते. एकही मांडला नाही. सहासष्टाव्या वर्षी पहिलं प्रदर्शन. शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे स्नेहसंमेलनाचे पडदे आणि निरोप समारंभाचे फळे रंगवले. बाई, तुमचं स्वतःचं काय, असं कोणी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर मागच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड, जगभरच्या देवी काढत बसली. नऊ झाल्या. माणसाएवढ्या उंच. घराला भिंती आहेत हे आता आठवणीने माहीत.

तर कबूल. बोलणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाही.

जागा: सुकापूरला नरेशशेठचं मंगल कार्यालय. नरेश हा नलीचा, म्हणजे न.चा, विद्यार्थी. चित्रकलेत जेमतेम पास. विषय कोणताही द्या, हा बैलगाडाच काढायचा. पितृपक्षात लग्नं नसतात, हॉल रिकामा, तेव्हा म्हणाला, "बाई, अमावास्येपर्यंत तुमचाच." पितृपक्षात उद्घाटन म्हटल्यावर सोसायटीतल्या बायकांनी जीभ चावली. मला तर त्यावरच एक भाषण... असो.

११ सप्टेंबर, गुरुवार

बोलायला बंदी, लिहायला नाही, हे तिच्याकडून वदवून घेतलं. प्रत्येक चित्राशेजारी माहितीचं कार्ड. चार ओळी.

दिवसभर लिहिलं. ग्रीकांची अथेना: थेट बापाच्या डोक्यातून जन्मली, म्हणजे आईचं नाव जन्मातूनच खोडायची युक्ती किती जुनी आहे पाहा, वगैरे. सुमेरची इनान्ना. मेक्सिकोची कोआत्लिक्वे, सापांचा घागरा नेसलेली. शेवटी सगळीकडे एकच सूत्र ठसवलं: देवी माणसाने घडवली, आणि बाईला एकदा देव्हाऱ्यात बसवलं की घरात हक्क द्यावा लागत नाही. हे मी गावोगाव बोलले आहे. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

न.ने कार्डं वाचली. उठून कात्री आणली. प्रत्येकाच्या वरच्या चार ओळी ठेवल्या, खालचं कापलं. खालचं म्हणजे सूत्र.

कपटे मी फेकू दिले नाहीत.

१३ सप्टेंबर, शनिवार

उद्घाटन झालं. बोलले नाही.

फीत नरेशशेठने कापली आणि माइक हातात घेतला. विमानतळ. विमानतळामुळे बदललेलं सुकापूर. कार्यालयाची नवी लिफ्ट. पार्किंग. शाळेत बाईंनी त्याला उन्हात उभं केलं होतं ती आठवण. पुन्हा पार्किंग. वाक्याला कर्ता नाही, कर्त्याला क्रियापद नाही, आणि चित्रांबद्दल अक्षर नाही. मी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसले होते. मुंग्या आल्या.

मग म्हणतो, "आता मोठ्या मॅडम मार्गदर्शन करतील."

सगळे माझ्याकडे वळले. न. स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मी उभी राहिले, म्हटलं, "चित्रं बघा," आणि बसले. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे.

लोक म्हणजे तरी कोण. न.च्या शाळेतल्या दोन बाई, सोसायटीचे सेक्रेटरी, नरेशशेठची माणसं. बाकीच्यांचे निरोप आले: पितृपक्षात नवीन काही बघत नाहीत आमच्यात. मरण पावलेल्यांना पंधरा दिवस जेवायला घालायचं आणि जिवंत बाईने सहा वर्षं रंगवलेलं बघायचं नाही. यावर बोलायला मिळालं असतं तर...

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी एक कुटुंब आलं. न. उठून उभी राहिली, पदर सारखा केला. ते हॉल बघायला आले होते, मार्गशीर्षातल्या लग्नासाठी. मुलीच्या वडिलांनी विचारलं, हे कटआउट पॅकेजमध्ये आहेत की वेगळे. मुलीची आई मात्र एका चित्रासमोर बराच वेळ थांबली. पेले, हवाई बेटांवरची ज्वालामुखीची देवी. केसांतून लाव्हा उतरतोय. न.चे डोळे चमकले. मग त्या बाईंनी मॅनेजरला बोलावून हॉलमध्ये आग विझवायची सोय आहे का विचारलं.

संध्याकाळी प्रभाकर. आमच्या विवेक मंडळाचा अध्यक्ष. कामोठ्याहून रिक्षाने आला, म्हणजे कौतुकच. हात पाठीमागे बांधून नऊच्या नऊ कार्डं वाचली. "उत्तम. तुमच्या मानाने आटोपशीर आहे, पण उत्तम." आणि गेला.

न. म्हणाली, "त्यांना मान वर करता येते ना गं?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

काल कोणी नाही. आज दुपारी नरेशशेठची आई, हिराबाय. भातशेती होती तेव्हा राबली, आता गाडीतून उतरते; नऊवारी तीच, चालही तीच. पंख्याखाली खुर्ची दिली तर बसली नाही. एकेका चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी. मी कार्ड वाचून दाखवायला पुढे झाले. न.ने मागून माझा पदर ओढला.

अथेनापाशी थांबली.

"ही कोनची गो?"

"अथेना. ग्रीस देशातली," न.

"टोप घातलाय. गारीवर बसते का?" मग खाली कोपऱ्यात वाकून बघितलं. "घुबड हाय ना ह्या? मंग लक्ष्मीच की."

मला राहवलं नाही. सांगितलं, तिचा लक्ष्मीशी काहीही संबंध नाही, तो वेगळा देश, वेगळा काळ, वेगळी समाजरचना.

"तिकरं पन लक्ष्मी लागतेच ना, बाय."

यावरचं उत्तर अजून शोधते आहे.

जाताना न.च्या दंडाला धरून म्हणाली, "पाय बरे कारलेस. लावनीला चिखलात उबी रायली का बाई अशीच उबी ऱ्हाते. आंगठे रोवून."

घरी येताना रिक्षात न. खुलली होती. "तिने पाय बघितले, ताई."

मी विचारलं, "कोणते पाय?"



१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी हॉल उघडला. अथेनासमोर खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. ओटी. हिराबाय सुनांना घेऊन आमच्या आधी येऊन गेली होती. नऊही जणींची ओटी भरलेली. आणि इनान्नाच्या कपाळावर कुंकू. ओलं, बोटाने टेकवलेलं, थेट कॅनव्हासवर.

माझा जो संताप झाला तो इथे लिहून शाई वाया घालवत नाही. चार हजार वर्षांपूर्वीची सुमेरची देवी. तिला पनवेल तालुक्यात खण. नरेशशेठला फोन लावला, म्हटलं, हे कलाप्रदर्शन आहे, जागृत देवस्थान नाही. तो म्हणाला, "मॅडम, आईला मी नाय बोलू शकत. तुमी बोला." बोलायची तर मला बंदी.

न.कडे वळले. ती मागे सरकली होती, मान तिरकी, डोळे बारीक. रंग बघताना करते तसे. मग म्हणाली, "तिथे लाल हवंच होतं."

"काय?"

"काहीतरी कमी पडतंय हे कळत होतं. काय ते सापडत नव्हतं."

मी खुर्चीत बसले. कलावंतांना तत्त्व नसतं. डोळे असतात फक्त.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हॉल भरला.

हिराबायने कोणाकोणाला सांगितलं देव जाणे (सवयीचा वाक्प्रचार, मागे घेते). सुकापुरातल्या बायका, त्यांच्या माहेरच्या बायका, बाजार उरकून परत निघालेल्या उरणकडच्या कोळणी, रिकाम्या टोपल्यांसकट. एकीला विचारलं, पितृपक्ष चालत नाही ना तुम्हाला? ती म्हणाली, दर्शनाला कसला पितृपक्ष.

कार्डं कोणी वाचत नाही. त्यांनी आपापसात नावं ठरवून टाकली आहेत. कोआत्लिक्वे म्हणजे नागीणआई. डिमीटर, हातात गव्हाच्या ओंब्या, ती शेतावरची. फ्रेयाच्या रथाला मांजरं जुंपलेली; तिच्याबद्दल मतभेद आहेत.

आणि न. हसत होती, हे नोंदवायला हवं. कोपऱ्यात उभी राहून बायकांचे डोळे बघत होती, चित्रावरून कुठून कुठे जातात ते. असं हसताना मी तिला कॉलेजात पाहिलं असेल.

दुपारी मात्र घोटाळा. कोणीतरी डिमीटरच्या पायाशी निरांजन लावून ठेवलं. ज्योत कॅनव्हासच्या अगदी जवळ. न. धावली, फुंकर घालून विझवली, आणि फुंकर घातली म्हणून बायका दचकल्या. कडेचा रंग मऊ झाला होता. उदबत्त्यांचा धूर, ओलं कुंकू, त्यात आता विस्तव. आणखी दोन दिवस असं चाललं तर चित्रं उरणार नाहीत.

पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, तू बोल त्यांच्याशी."

मी म्हटलं, पुन्हा म्हण.

"दिवा आणि कुंकू चित्रापासून लांब. एवढंच सांगायचं. पाच मिनिटं."

मुद्दे काढायला बसते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बोलले. काय बोलले. घसा अजून गरम आहे.

नरेशशेठने माइक दिला. बायका सतरंजीवर. सुरुवात ठरवल्याप्रमाणे: "भगिनींनो, देवी नाहीत." कोणी रागावलं नाही. पुढच्या रांगेतली एक "हो ना" म्हणाली. मी म्हटलं, या सगळ्या माणसाच्या कल्पना आहेत, आणि हे सिद्ध करायचं तर कोणी काय कल्पिलं ते सांगायला हवं. म्हणून डिमीटर. तिची लेक पाताळातल्या राजाने पळवली. आईने सांगितलं, लेक परत येत नाही तोवर पृथ्वीवर एक दाणा उगवू देणार नाही. समोर पदर डोळ्यांना लागले.

सभा हातात आली की मला कळतं. स्वाराला घोडा कळतो तसं, असं म्हणतात. मी घोड्यावर बसलेले नाही.

मग सेडना. बर्फाच्या प्रदेशातल्या इनुइट लोकांची, समुद्राच्या तळाशी राहणारी. वादळात बापाने तिला होडीबाहेर ढकललं. तिने काठ धरला, तर त्याने बोटं तोडली. त्या बोटांचे सील प्राणी झाले, देवमासे झाले. आता तिला बोटं नाहीत, म्हणून तिचे केस तिला विंचरता येत नाहीत, गुंता झाला की ती मासळी अडवून धरते. मग गावातला जाणता खाली जाऊन तिचे केस विंचरतो. कोळणींच्या बाजूने एकच आवाज आला, "बापानं?"

शेवट असा केला: ही सगळी बायकांचीच दुःखं आहेत, तेव्हा दुःखाकडे बघा, देवीकडे नको. हिराबाय उठली. माझ्या हातात नारळ ठेवला आणि पायाला हात लावला. अहो, थांबा, म्हणेपर्यंत मागे रांग. बेचाळीस पिढ्यांच्या अंधश्रद्धेविरुद्ध बोलून मी नमस्कार घेत उभी.

रिक्षात न.ने विचारलं, "दिव्याचं सांगितलंस?"

...

सांगायचं राहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

सेडनासमोर फण्या. प्लास्टिकच्या, लाकडी, एक स्टीलची, एक नवी कोरी पुठ्ठ्यासकट. कोळणींनी आणून ठेवल्या. मी बघत उभी राहिले. यावर हसायचं होतं. जमलं नाही. नक्की का ते नंतर लिहीन.

दिव्याचं न.ने स्वतःच मिटवलं. सकाळी एकटी हिराबायच्या घरी गेली, म्हणाली, "हिराबाय, धगीने रंग उकलतो." संपलं. दुपारपर्यंत प्रत्येक चित्रासमोर हातभर अंतरावर पाट आले. कुंकू पाटाला, दिवा आत आणायचा नाही, उदबत्ती बाहेर ओट्यावर. माझ्या दीड तासात जे झालं नाही ते... पुरे.

प्रभाकरचा फोन. "पुराण सांगायला लागलात असं ऐकलं. आरतीपण करता की नुसती कथा?" म्हटलं, माझं पहिलं वाक्य होतं, देवी नाहीत. तो म्हणाला, "आणि त्यांनी काय ऐकलं?" मी फोन ठेवला. चोख प्रश्न होता, म्हणून जास्त राग आला.

पण दिवसातली खरी गोष्ट ही नाही. आजही हॉल भरलेला, आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच, मोठी बाय कवा बोलनार. मी कोपऱ्यात गप्प बसले होते. बायका येत, पाटाला कुंकू लावत, आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन बसत. आज काय सांगता, विचारत. बघता बघता सगळ्यांची तोंडं माझ्याकडे आणि पाठी चित्रांकडे झाल्या.

न.ने ते पाहिलं. मी तिला पाहताना पाहिलं.

घरी आल्यावर भांडली नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. भात वाढला, ताक वाढलं. मग म्हणाली, "गुरुवारी त्या बघत होत्या गं."

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

टेम्पो सकाळीच आला. ठरलेलंच होतं, अमावास्येला चित्रं घरी.

हिराबाय कार्यालयाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेली, मागे नरेशशेठ. टेम्पोवाल्याची आत जायची हिंमत नाही. म्हणाली, "उद्या घट बसनार, आनि आज देव्या भायेर कारतेस? नऊ आयल्या त्या उगाच आयल्या का?"

नऊ. हे मात्र आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. न.ने नऊ काढल्या कारण त्यानंतर घरात जागा संपली.

तिचं सगळं ठरलं होतं. घट मंचावर बसेल. रोज संध्याकाळी एक माळ, एक देवी, आणि मोठी बाय त्या देवीची कथा सांगेल. मी स्पष्ट नकार दिला. म्हटलं, घटासमोर बसून मी कथा सांगणार नाही. मी ज्याविरुद्ध आयुष्यभर बोलले त्याचा माइक हातात धरणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. हिराबायने सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्याशी न बोलता न.ला विचारलं, "ही बोलनार नाय, मंग बायका कशाला येतील?"

खोचक नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

न. दारातून आत बघत होती. मी तिच्याकडे. मी बोलले तर बायका येतील आणि चित्रांकडे पाठ करतील. नाही बोलले तर येणारच नाहीत, आणि नऊजणी परत गॅलरीत, कपड्यांमागे. माझं बोलणं आणि माझं गप्प बसणं, दोन्ही तिच्या आड. वादात मला असं कोणी कोंडीत पकडलेलं नाही, आणि इथे तर समोर वाद घालणारं कोणीच नव्हतं.

टेम्पोवाला म्हणाला, काय ते ठरवा, मला न्हावा शेवाचं भाडं आहे.

न. म्हणाली, "चित्रं राहतील. ताई बोलणार नाही. मी बोलेन."

मी बघितलं, नरेशशेठने बघितलं, टेम्पोवाल्यानेसुद्धा बघितलं. शाळेत परिपाठाला हिची पाळी आली की सुविचार फळ्यावर लिहून मोकळी व्हायची, वाचायची दुसरी कोणी. हिराबाय खुर्चीतून उठली. "तुजी लेकरा, तू बोल."

माझा प्रश्न उरतोच: मी जायचं का. प्रभाकर काय म्हणेल ते माहीत आहे. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. जाणार. चित्रकाराची बहीण म्हणून. घटाकडे पाठ करून बसेन.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटाकडे पाठ करून बसले. त्यामुळे तोंड नेमकं चित्रांकडे. पहिली संध्याकाळ इनान्नाची. उजेड तिच्यावर, बायका सतरंजीवर, मी शेवटच्या रांगेत खांबाशी, तळवे मांडीखाली.

न.ने माइक उलटा धरला. कोणीतरी सुलटा करून दिला. तो किंचाळला, ती दचकली. मग नुसती उभी. मनात मी तिच्यासाठी चार सुरुवाती तयार केल्या, एकाहून एक.

मागून एक बाई म्हणाली, "मोठ्या बायला बोलवा ना."

"त्या बोलणार नाहीत," न. म्हणाली. आवाज पुरता बसलेला. "तुम्ही... हिचे पाय बघा."

दोघी-तिघी उठून घरी निघाल्या. चौथी जाताना मला खूण करून गेली, चला की, असं. पुढच्या रांगेतलं कोणी हलेना. मग हिराबायच्या शेजारची एक सून गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि म्हणाली, "टाच केवरी फुटलीय हिची."

"चालून आलीय," न. म्हणाली. "खाली मेलेल्यांच्या गावाला गेली होती. बहिणीकडे. सात दरवाजे आहेत. प्रत्येक दारात काहीतरी काढून ठेवायला लावलं. मुकुट. माळ. बांगड्या. शेवटी अंगावरचं पण."

"आनि वाना?"

"वहाणा मी आधीच काढल्या. मला पाय काढायचे होते."

हसल्या. आणि जवळ सरकल्या. न.ने माइक खाली ठेवला आणि बोटाने दाखवायला लागली. हा डाग रंग सांडला म्हणून झाला, मग तो तसाच ठेवला. हा हात तीनदा खोडला. कथेचा क्रम चुकला; ती परत कशी आली हे आधी सांगितलं, मेली ते नंतर. एका दाराचं राहून गेलं. बहिणीचं नाव चुकीचं. मला प्रत्येक चूक कळत होती आणि प्रत्येक चुकीला जीभ टाळूला लागत होती. कोणालाच काही बिघडलं नाही. एक म्हातारी चित्रातल्या घोट्याजवळ बोट नेऊन, न टेकवता, म्हणाली, "माज्या आईचा असा व्हता."

मीही बघितले पाय. खरंच अंगठे रोवलेत.

देवी नाहीत. हे वाक्य आजही माझं आहे. पण सहा वर्षं त्या चित्रांबरोबर एकाच घरात राहून मी फक्त त्यांची नावं पाठ केली होती, ही माहिती आजची.

संपल्यावर हिराबाय न.ला म्हणाली, बरा झाला. मग माझ्याकडे मान वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पन उद्या मोठीला पन थोरा बोलू दे. बायका कमी झाल्या." खरं होतं. शुक्रवारच्या निम्म्याही नव्हत्या. न. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार, सकाळ

आज अमातेरासु. जपानची सूर्यदेवी; रुसून गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार झाला. बाकीच्या देवांनी गुहेबाहेर आरसा टांगला, एका देवीने नाचून हशा पिकवला, तेव्हा ही काय चाललंय बघायला डोकावली. माझ्या मते जगातल्या सगळ्या पुराणांत सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हशा कुठे येणार, मला सगळं ठाऊक आहे.

चहाला न.ने विचारलं, "ती गुहेतून आपणहून बाहेर आली की ओढून काढली?" मी म्हटलं, सांगू? फक्त तुला? ती म्हणाली, आधी माझं मी म्हणून बघते. अडले तर हाक मारीन.

संध्याकाळी कोण बोलणार, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. हिराबायचा निरोप दोनदा येऊन गेला.

आता ती गॅलरीत आहे, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभी राहून मोठ्याने म्हणते आहे. दार लोटलेलं, तरी इथे सगळं ऐकू येतं. गुहेचं नीट झालं. आरसा विसरली. परत पहिल्यापासून. आता आरसा आला, पण नाच कोणी केला ते चुकलं, आणि हशा यायच्या आधीच स्वतः हसते आहे. पुन्हा पहिल्यापासून.

मी उठलेले नाही.

हाक आलेली नाही.